डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना

पुनावळ्यात महामार्गाखालचा भुयारी रस्ता सकाळी आठ वाजता ज्याने पाहिला आहे, त्याला कोंडी कशाला म्हणतात ते सांगायची गरज नाही. कंपन्यांच्या बसगाड्या, शाळेच्या व्हॅन, सिमेंटचे मिक्सर, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. त्या गोंगाटात एका सकाळी मी दोन तरुणांना गप्पा मारताना पाहिलं. एक रस्त्याच्या अलीकडे बसची वाट बघत उभा होता, दुसरा पलीकडे चहाच्या टपरीजवळ. मधे गाड्यांची रांग. दोघांच्या अंगावर कंपनीचे गणवेश, गळ्यात ओळखपत्रं. त्यांचे हात चालले होते, भुवया वर जात होत्या, एकाने गाल फुगवून कुणाची तरी नक्कल केली आणि दुसरा पोट धरून हसला. माझ्या शेजारचा माणूस मात्र फोन कानाशी दाबून "ऐकू येत नाही, नंतर बोलतो" असं ओरडत होता. त्या चौकात निवांत बोलणारी माणसं ती दोनच.

बहिऱ्या माणसांमध्ये झालेल्या ख्रिस्ती मिशनकार्याबद्दलच्या या पुस्तकाची सुरुवात मी त्या भुयारी रस्त्यापासून करते, कारण माझ्या लेखी हा विषय मुळात कानांचा नाही, भाषेचा आहे. हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

आमचं घराणं नगरकडचं. पणजोबांच्या काळात अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेतून घरात अक्षर आलं, त्याच वाटेने बायबल आलं. वडील पिंपरीत नोकरीला लागले आणि आम्ही या पट्ट्यातले झालो. पुनावळं महापालिकेत जाऊन टॉवर उभे राहिल्यावर इकडे राहायला आलो. गावी एक मावशी होती, जन्मापासून बहिरी. दर रविवारी ती देवळात पहिल्या बाकावर बसायची. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) डोक्यावर पदर, हातात 'उपासना संगीत'. गीताचा क्रमांक सांगितला की ती शेजारणीच्या पुस्तकाकडे बघून तेवढंच पान उघडायची. सगळे उठले की उठायची, बसले की बसायची, पान उलटलं की उलटायची. ओठही हलवायची. तिला वाचता येत नव्हतं. शाळेत कुणी घातलंच नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, मावशी किती भाविक आहे. आज वाटतं, सत्तर वर्षं ती बाई दर रविवारी तास-दीड तास एका बंद दाराबाहेर बसून होती आणि दार बंद आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. पाळक भला माणूस होता. तो मावशीपुढे आला की सावकाश, मोठ्याने, तोंड वासून बोलायचा.

मोठ्याने बोलून काय होतं ते आरशासमोर उभं राहून कुणीही बघावं. आवाज न करता 'बाप' म्हणा, मग 'पाप' म्हणा. ओठांवर दोन्ही शब्द हुबेहूब एक. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं दोन ओठ मिटून उघडली की होतात. फरक घशात आणि नाकात, डोळ्यांना न दिसणारा. मामा, बाबा, पापा हे बहिऱ्या मुलाला एकच दिसतात. क, ख, ग तर घशाकडेच होऊन जातात. आता अशा ओठांवरून एखाद्याने ओळखायचं, की आकाशातला बाप पापांची क्षमा करतो. आमच्या उपदेशाचे दोन सर्वांत मोठे शब्द मावशीच्या डोळ्यांपुढे एकच होऊन येत होते.

"मग वाचायला द्या की," असं यावर बहुतेक जण म्हणतात. हीदेखील ऐकणाऱ्यांची समजूत. मराठी आपल्या कानांतून आधी अंगात मुरते, मग आपण ती कागदावर ओळखतो. ज्याच्या कानांवर ती कधी पडलीच नाही त्याच्यासाठी लिहिलेली मराठी ही परकी भाषा. 'ने', 'ला', 'चा', 'हून' हे प्रत्यय ऐकणारं पोर तिसऱ्या वर्षी न शिकवता वापरतं. बहिऱ्या मुलाला ते एकेक करून पाठ करावे लागतात. त्यातून बायबलची मराठी जुन्या वळणाची. ती वाचून दाखवली तर आमच्याच सोसायटीतली मुलं माना खाली घालतात.

या बाबतीत मला मिशनऱ्यांचं सर्वांत मोठं नवल वाटत आलं आहे, आणि सर्वांत मोठा विषादही. लोकांची भाषा शिकायची, तीत बोलायचं, तीत लिहायचं, हा त्यांचा पहिला धडा. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1616 मध्ये त्याने मराठी ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून दाखवलं. विल्यम कॅरी बंगालात श्रीरामपूरला बसून मराठीचं व्याकरण लिहितो, कोश करतो, 1811 मध्ये नवा करार मराठीत आणतो. नगरच्या मिशनने 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केलं. या लोकांनी कुठल्याही खेड्यातल्या बोलीला कमी लेखलं नाही. मात्र त्याच गावात हातांनी बोलणारी माणसं होती आणि त्यांच्या बोलण्यालाही व्याकरण असू शकतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. आंधळ्यांचा प्रश्न त्यांना लवकर उमगला. 1900 मध्ये मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत आंधळ्या मुलांची शाळा काढली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आंधळ्या स्त्रिया ब्रेल शिकल्या. आंधळा माणूस मराठीच्या आतच होता, त्याला फक्त अक्षर बोटांखाली आणून द्यायचं होतं. बहिरा माणूस मराठीच्या बाहेर उभा होता. त्याच्याकडे जायचं तर मराठी सोडून जावं लागलं असतं.

शास्त्रात वाट दाखवलेली नव्हती असं नाही. मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात दकापलीसच्या मुलखात येशूपुढे एका बहिऱ्या, बोबड्या माणसाला आणतात. हा प्रसंग मी शेकडो वेळा ऐकला आणि दर वेळी उपदेश 'इप्फाथा' या अरामी शब्दावर, म्हणजे 'मोकळा हो' या आज्ञेवर झाला. पण तो शब्द उच्चारण्याआधी काय घडतं ते बघा. येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानांत बोटं घालतो. थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श करतो. वर आकाशाकडे बघतो. सुस्कारा टाकतो. बाजूला नेणं, कान, जीभ, आकाश, श्वास: एकेक गोष्ट डोळ्यांना दिसणारी, अंगाला जाणवणारी. त्या माणसाला समजेल अशा रीतीने त्याला आधी सगळं सांगून झालं आहे, मग चमत्कार. लूकच्या पहिल्याच अध्यायात जखऱ्याची वाचा जाते, तेव्हा मुलाचं नाव काय ठेवायचं हे नातेवाईक त्याला खुणांनी विचारतात आणि तो पाटी मागवतो. लेवीयात तर बहिऱ्याला शाप देऊ नका अशी स्पष्ट आज्ञा आहे. तो ऐकू शकत नाही म्हणून मागे काहीही बोलायची सवय तेव्हाही असणार. आपल्याकडेही 'मुकी बिचारी कुणीही हाका' असं आपण सहज म्हणून जातो.

तरी चर्चने शतकानुशतकं दुसरंच एक वचन डोक्यात घेतलं. विश्वास ऐकण्याने होतो, असं पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. पौल तिथे सुवार्ता सांगायला कुणीतरी गेलं पाहिजे एवढंच समजावतो आहे. पुढच्यांनी त्याचा अर्थ कानाशी जोडला आणि ज्याला कान नाहीत त्याला विश्वास नाही इथपर्यंत नेला. संत ऑगस्टीनच्या नावावरही हा दोष घातला जातो, बहिरेपण विश्वासाच्या आड येतं असं त्याने लिहिलं म्हणून. त्याच ऑगस्टीनने आत्म्याविषयीच्या एका संवादात मिलानमधल्या एका देखण्या बहिऱ्या तरुणाची आठवण काढली आहे. तो तरुण हातवाऱ्यांनीच इतरांचं समजून घेई, आपलं सांगे. मिलान हे नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

दार उघडलं ते मठातून. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लिओन हा बेनेडिक्टाइन साधू एका सरदार घराण्यातल्या बहिऱ्या मुलांना लिहा-बोलायला शिकवत होता. मठात मौन पाळायची रीत, त्यामुळे साधूंच्या आपसातल्या खुणा ठरलेल्या. शब्दाविना बोलता येतं हे त्यांना रोजच्या जेवणाच्या पंगतीत दिसत होतं. दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूची गाठ दोन बहिऱ्या बहिणींशी पडली. या मुली धर्मशिक्षणाविना राहतील ही त्याची चिंता. 1760 च्या दशकात त्याच्या घरी भरू लागलेल्या वर्गातून जगातली बहिऱ्यांची पहिली सार्वजनिक शाळा उभी राहिली. त्याने मोठेपणा दाखवला तो एका गोष्टीत: शिकवायला बसण्याआधी तो त्या मुलांकडून त्यांच्या खुणा शिकला. पुढे फ्रेंच व्याकरणाच्या खुणा त्याने स्वतः घडवून त्यात कोंबल्या, त्या मुलांना जड गेल्या, हेही खरं. पण शिकण्याचा क्रम त्याने उलटा करून दाखवला.

त्यानंतरचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो, आणि तो जुळवताना मला फार आनंद झाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हर नावाची धर्मशिक्षणाची शाळा होती. तिथे शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला लागले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. आमच्या घरातल्या अक्षराचं मूळ तिथे आहे. त्याच अँडोव्हरमधून 1814 मध्ये थॉमस गॅलॉडेट हा तरुण बाहेर पडला. शेजाऱ्याची बहिरी मुलगी अ‍ॅलिस कॉग्सवेल हिला त्याने काठीने मातीत 'टोपी' हा शब्द लिहून दाखवला, अशी गोष्ट सांगतात. तो शिकायला पॅरिसला गेला आणि येताना लेपेच्या शाळेतले बहिरे शिक्षक लॉरां क्लेर्क यांना बरोबर घेऊन आला. 1817 मध्ये हार्टफर्डला दोघांनी शाळा काढली. एका गुरुकुलातून एक वाट मराठी शिकायला आली, दुसरी हातांची भाषा शिकायला गेली. या दोन वाटा नगरच्या एखाद्या खेड्यात एकमेकींना भेटल्या असत्या तर माझ्या मावशीचं आयुष्य वेगळं झालं असतं. त्या भेटल्या नाहीत.

आणि भेटायची वेळ आली तेव्हा मिलान आडवं आलं. सप्टेंबर 1880 मध्ये तिथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकणारे. त्यांनी ठराव केला की शिक्षण बोलण्यातूनच द्यावं, खुणा वर्ज्य. हातांनी बोललं तर ओठांची मेहनत होत नाही, असं कारण. त्यानंतर देशोदेशीच्या शाळांत मुलांना हात मांडीखाली घेऊन बसवलं गेलं, बोटांवर पट्ट्या बसल्या. ज्या शहरात ऑगस्टीनला एक बहिरा तरुण हातांनी बोलताना भेटला होता, तिथेच हात बांधायचं ठरलं. शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. एकशेतीस वर्षांत किती मुलं मोठी होऊन म्हातारी झाली असतील.

भारतातली पहिली शाळा या ठरावानंतर चार-पाच वर्षांतच, आपल्या मुंबईत निघाली. लिओ म्युरिन हे बर्लिनमध्ये जन्मलेले जेझुइट 1867 पासून मुंबईच्या कॅथलिकांचे प्रमुख होते. 1884-85 च्या सुमारास त्यांनी बहिऱ्या मुलांची शाळा सुरू करवली, पहिले प्रमुख टी. ए. वॉल्श. माझगावची 'बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स' ती हीच. कलकत्त्याची शाळा 1893 मधली, ती मिशनची नव्हे, तिथल्या बंगाली मंडळींनी उभी केलेली. तमिळ मुलखात पाळयंकोट्टई इथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी त्याच दशकात शाळा काढली. पुढे पुण्यात रुईया विद्यालय, सुहृद मंडळ अशा शाळा झाल्या, त्यांचा मिशनशी संबंध नाही. मला या साऱ्यांबद्दल कृतज्ञता आहे. ज्या काळात बहिरं पोर म्हणजे गुरं राखायला मोकळा हात, त्या काळात त्याच्यासाठी फळा टांगणं ही लहान गोष्ट नव्हती. पण देशभर वर्गावर्गांत पुढे तोंडी पद्धतच चालली, आणि मुलं एकमेकांची भाषा शिकली ती मधल्या सुट्टीत, वसतिगृहात दिवे मालवायच्या आधी. भारतीय सांकेतिक भाषा वाढली ती अशी, शिक्षकांच्या पाठीमागे. ज्या मिशनऱ्यांनी मराठीला छापखाना दिला, त्यांच्या शाळांच्या अंगणात एक भाषा उभी राहत होती आणि तिची नोंद घ्यायला कुणी वही उघडली नाही.

या इतिहासात मला एका बाईपाशी थांबावंसं वाटतं, जिचं नाव या संदर्भात कुणी घेत नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ते झालं नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. वाँटेजला बाप्तिस्मा, चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवणं, मग अमेरिका, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढे पुणे, शेवटी केडगावचं मुक्ती मिशन. या साऱ्या प्रवासात कान साथ सोडत गेले. वक्तृत्वाने सभा जिंकणारी ही बाई उतारवयात पार बहिरेपणाकडे झुकली. आणि त्याच वर्षांत तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. प्रचलित भाषांतर पंडिती आहे, माझ्या मुलींना ते समजत नाही, हे कारण. मुक्तीतल्याच बायकांनी ते खिळ्याने खिळा जुळवून छापलं. मुद्रितं पुरी करून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. रमाबाई जन्मतः बहिऱ्या नव्हत्या, सांकेतिक भाषेशी त्यांचा संबंध आला असंही नाही. मी त्यांना ओढून या विषयात आणत नाही. पण शब्द ज्याला कळायला हवा त्याच्या भाषेत तो उतरला पाहिजे, यासाठी जीव पणाला लावणारी ही बाई स्वतः दिवसेंदिवस शांततेत बुडत चालली होती, हे मला विसरता येत नाही.

पुस्तक लिहिते आहे म्हटल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी एकच विचारलं: हे सगळं धर्मांतरासाठीच ना? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देणार नाही. दहातली नऊ बहिरी मुलं ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी येतात. घरात खुणांपुरतं बोलणं: जेव, ये, जा, झोप. आजी का रडते, दिवाळीला काका का आला नाही, हे कुणी सांगत नाही. आधी 'नंतर सांगते', मग कधीच नाही. असं मूल सतरा-अठरा वर्षांचं होऊन पहिल्यांदा अशा ठिकाणी पोहोचतं जिथे दहा माणसं त्याच्याशी हातांनी बोलतात, त्याला खुणेचं नाव देतात, त्याचं ऐकून घेतात. तिथे त्याला जो देव सांगितला जाईल तो तो घेईल. हे सामर्थ्य फार मोठं आहे आणि भीतिदायकही. ख्रिस्ती म्हणून मी सांगते: ज्याला 'नाही' म्हणण्याइतकी भाषा अजून मिळालेली नाही, त्याच्या 'हो'ला मी विश्वास म्हणणार नाही. आधी भाषा, मग शाळा, मग पोटापाण्याचं काम, मग त्याला वाटलं तर देवाचं बोलणं. या क्रमात घाई करणारा माणूस कितीही प्रार्थनाशील असो, तो चुकतो. मात्र दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगते. बहिऱ्यांच्या धर्माबद्दल चिंता करणाऱ्या किती कीर्तनांत, किती आरत्यांत, किती लग्नांत कुणी त्यांच्यासाठी हात हलवायला उभं राहतं? 2011 च्या जनगणनेत ऐकण्यात अडचण असलेले 50 लाखांहून जास्त लोक देशात नोंदले गेले. ही माणसं बहुतेक हिंदू घरांतली, मुसलमान घरांतली, आणि आपापल्या देवासमोर तीदेखील माझ्या मावशीसारखीच पान उलटत बसलेली असतात.

चित्र बदलतं आहे ते बहिऱ्यांनीच हे काम हाती घेतल्यापासून. अँड्र्यू फॉस्टर हा अलाबामातला कृष्णवर्णीय मुलगा अकराव्या वर्षी मेंदूज्वराने बहिरा झाला, 1954 मध्ये अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या गॅलॉडेट कॉलेजचा पदवीधर झाला, आणि 1957 मध्ये घानात जाऊन पोहोचला. 1987 मध्ये रुवांडात विमान अपघातात जाईपर्यंत त्याने आफ्रिकेत तीसहून जास्त शाळा काढल्या होत्या. त्याच्याबरोबर अमेरिकेच्या खुणाही तिकडे गेल्या आणि काही ठिकाणी स्थानिक खुणा मागे पडल्या. बहिरा असला तरी बाहेरून आलेला माणूस आपली भाषा घेऊनच येतो. भारतात केरळचे जोसेफ थेरमाडम हे होली क्रॉस संघाचे बहिरे धर्मगुरू 2 मे 2024 रोजी त्रिशूरला दीक्षित झाले, देशातले पहिले. सरकारच्या बाजूने 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र आलं, 2021 पर्यंत त्यांचा कोश 10,000 शब्दांवर गेला.

आणि बायबल. सांकेतिक भाषेला लिपी रूढ नाही, म्हणून तिच्यातलं बायबल चित्रफितींत उतरतं. अमेरिकन सांकेतिक भाषेतलं पूर्ण बायबल 1981 मध्ये सुरू होऊन 2020 मध्ये संपलं. भारतीय सांकेतिक भाषेतही बहिरे भाषांतरकार एकेक कथा हातांवर घेत आहेत. हे काम जवळून बघितल्यावर भाषांतर या शब्दाचा माझा अर्थच बदलला. कागदावर 'जक्कय झाडावर चढला' एवढं लिहून भागतं. हातांनी सांगायचं तर झाड कुठे, डावीकडे की उजवीकडे. गर्दी कुठून येते. येशू वर बघतो तेव्हा नजर कोणत्या कोनात. आणि एकदा झाड तिथे उभं केलं की कथा संपेपर्यंत ते तिथेच राहायला हवं. छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती कोणत्या बाजूने उतरतो हे दोन हजार वर्षांत आम्हा ऐकणाऱ्यांना ठरवावं लागलं नव्हतं. योहानाच्या सुरुवातीचा 'शब्द' तर आणखी कठीण. ज्याच्या भाषेत तोंडातून काही निघतच नाही, त्याला आरंभी काय होतं म्हणून सांगायचं? आणि येशूची खूण जगात बहुतेक ठिकाणी एकच: मधलं बोट दुसऱ्या तळहाताला लावायचं, मग त्या हाताचं याला. खिळ्यांचे व्रण. आम्ही त्याचं नाव ऐकतो तेव्हा एक नाव ऐकतो. ते दर वेळी जखमा बघतात.

कॅथलिकांच्या बाप्तिस्म्यात एक लहानसा विधी आहे. धर्मगुरू बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करून त्याच दकापलीसच्या शब्दाची आठवण करतात. तान्ह्या मुलाचे कान असे स्पर्शिले जात असताना त्याचे बहिरे आईवडील बघत असतात, असंही घडतं. 'खामोशी' या 1996 च्या चित्रपटात नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी गोव्यातलं बहिरं ख्रिस्ती जोडपं उभं केलं होतं; आमच्या घरी तो मावशीला दाखवला होता. तिने पडद्याकडे बोट दाखवून आपल्या छातीवर हात ठेवला. चित्रपट संपल्यावर ती तशीच बसून होती.

पुढच्या पानांत भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या उपाहारगृहांत काम करणारी बहिरी माणसं आपल्या तोंडून नव्हे, आपल्या हातांतून बोलली आहेत. त्यांची नावं मी दिलेली नाहीत, काहींनी देऊ नका म्हटलं म्हणून कुणाचीच नाहीत. त्यातले काही ख्रिस्ती आहेत, काही एकेकाळी होते, काहींनी वर्षभर येऊन सोडून दिलं आणि का सोडलं ते सांगितलं. त्यांच्या हातांचं मी मराठी केलं आहे. दुभाषी मुलगी शेजारी बसली होती, चुका तिने सुधारल्या, उरल्या त्या माझ्या. सांकेतिक भाषेत 'कोण', 'कुठे', 'का' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. मराठीत मी ते मधे घेतले, आणि दर वेळी वाटलं की त्या माणसाने शेवटी ताणून धरलेला प्रश्न मी आधीच सांडला.

त्यांच्यातलं एक जोडपं आमच्याच सोसायटीत राहतं. रविवारी दुपारी त्यांच्याकडे आठ-दहा जण जमतात. पहिल्यांदा गेले तेव्हा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, पडदे बाजूला सारलेले, भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली. प्रार्थना सुरू झाली आणि सवयीने मी डोळे मिटले. कुणीतरी माझ्या गुडघ्याला हात लावला. उघडून बघते तर सगळे माझ्याकडे बघत होते. लहानपणापासून मी 'डोळे मिटा, प्रार्थना करू या' हे ऐकत आले. मावशीने ते शेजारणीकडे बघून पाळलं. तिच्यासाठी प्रार्थना त्या क्षणी बंद होत असे.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आभाळ इतकं भरून आलं की चार वाजताच अंधारलं. चाकणच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा प्रार्थना करत होता. गावी आजारी असलेल्या वडिलांसाठी. वडिलांशी आयुष्यात आपण धड बोललो नाही, असं तो देवाला सांगत होता. तेवढ्यात वीज गेली. त्याचे हात दिसेनासे झाले. कुणी काही केलं नाही, काही क्षण सगळे तसेच बसले. मग त्याच्या शेजारच्या बाईने खिशातला मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि त्याच्या हातांवर धरला. दुसऱ्याने आपला धरला, तिसऱ्याने त्याच्या चेहऱ्यावर. तो जिथे थांबला होता ती खूण त्याने पुन्हा एकदा केली आणि पुढे बोलू लागला.